भागूनं पुसलेल्या काचा

तिचं खरं नाव भागू नव्हतं. कामावर लागली त्याच आठवड्यात मी कापत असलेली एक काच कडकन तडकली, तशी ती हातातली बादली टाकून थेट फाटकापर्यंत पळाली. परत आली तेव्हा आमचा गनवाला म्हणाला, "आल्या का भित्री भागूबाई?" त्या दिवसापासून ती भागू झाली. पुढे मालकही त्याच नावानं हाक मारू लागले. तिनं कधी मनावर घेतलं नाही. "भित्री आहेच मी," म्हणायची, "खोटं कुठं बोलतोय तो?"

आमच्याकडे इमारतींच्या दर्शनी भिंतींच्या काचा तयार होतात. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर काच, आणि दोघांच्या मधे काळ्या सिलिकॉनचा बोटभर रुंद पट्टा. स्क्रू नाही, खाली टेकू नाही. बाहेरून बघणाऱ्याला नुसती काच दिसते, हवेत उभी असल्यासारखी. तिचा सगळा भार त्या काळ्या पट्ट्यावर असतो. मी काच कापतो, गनवाला सिलिकॉनची गन दाबून पट्टा भरतो. आमच्या दोघांच्या मधे भागू. तिचं काम काचेची कड पुसायचं. एक फडकं स्पिरिटमधे भिजवलेलं, दुसरं कोरडं. ओलं फिरवलं की स्पिरिट वाळायच्या आत कोरडं फिरवायचं, एकाच दिशेनं, आणि मग त्या कडेला बोटसुद्धा लावायचं नाही. दिसायला पोरखेळ. पण तिच्या आधी आलेली दोन माणसं कंटाळून गेली होती, आणि त्यांनी पुसलेल्या कडा मला कधी बघवल्या नाहीत.

भागूची भीतीच कामाला आली. प्रत्येक कड ती अशी पुसायची, की तिथून काही निसटलं तर जगबुडी होणार आहे. मालक म्हणायचे, "बेफिकीर माणूस काचेला चालत नाही. मला हिच्यासारखी धास्तीखोर चार माणसं मिळाली तर मी निवांत झोपेन." एवढं असूनही तयार झालेली इमारत बघायला ती कधी यायची नाही. वर बघितलं की तिला गरगरायचं. आमच्या माळ्यावर जायच्या शिडीवरसुद्धा ती दोन्ही हातांनी धरून चढायची आणि उतरताना डोळे मिटायची. डोळे मिटून कुणी उतरतं का, असं मी विचारलं तर म्हणायची, "दादा, दिसलं तर पाय हलत नाही."

घरी ती आणि तिचे सासरे. नवरा जहाजावर कामाला, चार-सहा महिन्यांनी घरी येणारा. सासूबाई गेल्यावर सासरे हिच्याकडे राहायला आले. त्यांनी जन्मभर शिवणकाम केलेलं, पण आता नजर साथ देईना म्हणून मशीन बंद. बसून खाणं त्यांच्या जिवावर यायचं. आधी ते भांडी घासू लागले, मग भाजी निवडू लागले, आणि शेवटी कपडे धुवायचं काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं. कारखान्याची फडकी भागू घरीच धुवायची, कारण लाँड्रीवाला निम्मी हरवायचा. तीही आता सासऱ्यांकडे गेली. घड्या अशा घालून यायच्या की फडकी वापरायला जीव होईना. गनवाला म्हणायचा, "तुझे सासरे माझे शर्ट धुतील का विचार की."

पुढचा प्रकार घडला तो एका साध्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर. एक तयार चौकट हातगाडीवरून उतरवताना कोपऱ्यात चेपली होती. काच शाबूत होती, म्हणून ती सोडवून दुसऱ्या चौकटीवर लावायची ठरलं. पट्टा कापायला एरवी दोन माणसं लागतात. बारीक तार घालून करवतीसारखी ओढायची, घाम निघतो, आणि तरी काचेवर काळे लचके राहतातच, ते पातीनं खरवडावे लागतात. भागूनं नुसती सुरुवात करून ठेवावी म्हणून कोपऱ्यात पाती घातली. पट्टा सुटून आला. तिनं टोक धरून ओढलं, तर वीतभर आला, मग हातभर. काचेच्या बाजूनं तो गुळगुळीत, चकचकीत. काचेवर काळा ठिपकासुद्धा नाही.

मी माझ्या टेबलावरून बघितलं तेव्हा ती तो पट्टा हातात धरून उभी होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हा चिकटलाच नव्हता."

मला वाटलं, सिलिकॉनचा डबा खराब निघाला असेल. पण तिनं कपाटातून फवाऱ्याची बाटली काढली. नव्या काचा आल्या की पाणी फवारून बघायची आमच्याकडे रीत आहे. काच स्वच्छ असेल तर पाणी पातळ पसरतं, तेलकट असेल तर थेंब गोळा होतात. पण हे पुसायच्या आधी बघतात. पुसल्यावर कोण कशाला बघेल? पुसलेलं ते स्वच्छ, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. भागूनं एक कोरा तुकडा घेतला. त्याचा अर्धा भाग आपल्या घडीतल्या फडक्यानं पुसला, अर्धा गनवाला गन पुसायला ठेवतो त्या कागदी रोलनं, आणि वर पाणी फवारलं. कागदाच्या बाजूला पाणी पसरलं. फडक्याच्या बाजूला टपोरे थेंब उभे राहिले.

तिनं फडकं नाकाशी नेलं. "याला फुलांचा वास येतोय," ती म्हणाली. मग खाली बसली, जमिनीवरच, टेबलाच्या पायाला धरून.

दर आठवड्याला आम्ही काचेच्या वेगळ्या तुकड्यांवर लावलेल्या नमुन्याच्या पट्ट्या ओढून बघत होतो, त्या कायम पास होत होत्या. त्या का पास होत होत्या, ते आता कळलं. नमुने गनवाला पुसायचा, आणि तो कागद वापरायचा.

मालकांना बोलावलं. त्यांनीही पाणी फवारून बघितलं, दोनदा. मग विचारलं, "ही फडकी कधीपासून?"

"बाबा कपडे धुवायला लागले तेव्हापासून," भागू म्हणाली. आणि तिघांच्याही एकदमच लक्षात आलं, की त्यानंतर एकच मोठं काम बाहेर गेलं होतं. दवाखान्याची नवी इमारत. तिची पुढची अख्खी बाजू काचेची, आणि बरोबर तिच्या खाली सावलीत बाकडी मांडलेली, नंबर येईपर्यंत माणसांना बसायला.

मालकांनी सिलिकॉनच्या कंपनीत फोन लावला. तिथल्या केमिस्टबाई आमच्या ओळखीच्या, कामाचं शिक्षण द्यायला त्याच आल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणून सांगितलं आणि तोवर खाली कुणाला उभं राहू देऊ नका, असंही सांगितलं. मालक फोन ठेवून म्हणाले, "आधी दवाखान्याच्या साहेबांशी बोलतो. उगाच बोभाटा नको. लोक घाबरून एकमेकांना तुडवतील." ते चुकीचं बोलत नव्हते. पण साहेब मीटिंगमधे होते, आणि मालक पुन्हा पुन्हा फोन लावत होते. भागूनं चपला घातल्या.

मी तिच्या मागोमाग निघालो. बसमधे तिनं समोरची दांडी घट्ट धरली होती. खिडकीबाहेर झाडाची फांदी हलली की ती वारा किती आहे ते बघत होती.

दवाखान्यासमोर उतरलो तेव्हा दुपार कलली होती. काचांवर समोरच्या गच्च्या आणि आभाळ दिसत होतं. खाली बाकडी भरलेली. भागूनं वर बघितलं नाही. ती सरळ पहिल्या बाकड्यापाशी गेली. तिथं डोळ्याला पट्टी बांधलेले एक आजोबा आणि मांडीवर मूल घेतलेली एक बाई बसली होती.

"आजोबा, इथून जरा तिकडे बसता का? झाडाखाली."

"का गं?"

"वर काचेचं काम आहे."

आजोबांनी एका डोळ्यानं वर बघितलं. "कुणी दिसत तर नाही. आणि तिकडे ऊन आहे."

"मी बाकडं उचलून देते की."

"अगं पण माझा नंबर यायचाय. इथून हाक ऐकू येते, तिकडून येत नाही."

काच पडेल म्हणावं, तर मालकांचं तुडवातुडवीचं बोलणं डोक्यात. न म्हणावं, तर आजोबा हलेनात. तिनं मूल घेतलेल्या बाईच्या खांद्याला हात लावला आणि इतकंच म्हणाली, "ताई, तुम्ही तरी उठा. माझ्यासाठी उठा." त्या बाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्यानं उठली. बहुधा वेडी समजून उठली असेल. पण उठली.

तेवढ्यात वॉचमन आला. "काय चाललंय? बाकडी कुणी हलवायला सांगितली?"

"मी," भागू म्हणाली. तोवर तिनं एका बाकड्याचं टोक धरलं होतं, दुसरं टोक मी.

"तुम्ही कोण?"

"ह्या काचा मी पुसल्यात."

वॉचमनला त्यातून काय कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "मग पुसा की, बाकडी कशाला हलवता?" मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली, एकेक मजला नजरेनं चढत गेला, मग टोपी काढून पुन्हा घातली. पुढची सगळी बाकडी त्यानंच उचलली. आजोबांना तर बाकड्यासकट नेलं आणि सांगितलं, "तुमचा नंबर आला की मी येऊन हाक मारतो, बास?"

मालक दोर आणि लाल फिती घेऊन पोचले तेव्हा काचांखालची जागा रिकामी झाली होती. साहेबांशी बोलणं झालं होतं. सगळ्यांना आता मागच्या दारानं आत घेत होते. भागू रस्त्याच्या पलीकडे फुटपाथवर बसून होती. मी तिला पाणी आणून दिलं.

घरी काय झालं ते तिनंच मला नंतर सांगितलं. सासरे दोरीवरचे कपडे काढत होते. तिनं विचारलं, "बाबा, कारखान्याच्या फडक्यांना तुम्ही साबणाखेरीज काय घालता?"

"ते कपडे मऊ करायचं मिळतं ना बाटलीत, ते," सासरे म्हणाले. "फडकी लाकडासारखी कडक व्हायची. तुझे हात किती फाटलेत बघ. कापड कसं हाताला लागलं पाहिजे." आणि जरा थांबून, "वास आवडला नाही का?"

त्यांना तिथल्या तिथं सांगणं तिला जमलं नाही. तिनं बाटली पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात घेऊन आली.

केमिस्टबाईंनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि मान डोलावली. मग माझ्या टेबलावर खडूनं चित्र काढलं. कोपरात वाकलेल्या हातासारखं.

"हा पाण्याचा रेणू," त्या म्हणाल्या. "मधे ऑक्सिजन, दोन टोकांना हायड्रोजन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून कोपराच्या बाजूला थोडा ऋण भार, टोकांना थोडा धन. हाच रेणू सरळ काठीसारखा असता, तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना कापून गेली असती. वाकडा आहे, म्हणून दोन बाजू वेगळ्या राहतात. याला ध्रुवीय म्हणतात. काचेच्या अंगावरही अशीच टोकं असतात. त्यामुळे पाणी काचेला धरतं, पसरतं."

"वाकडा आहे म्हणून चिकटतो," गनवाला म्हणाला. "माझा मेहुणा तसाच." कुणी हसलं नाही, तोही नाही.

"तेलाचं उलट," बाई पुढे म्हणाल्या. "लांबच्या लांब साखळी, भार सगळीकडे सारखा, एकीकडे ओढणारी बाजूच नाही. आता ही बाटली. यातल्या रेणूला डोकं आहे धन भाराचं, आणि दोन लांब तेलकट शेपट्या. धुताना तो कापडाला चिकटतो, म्हणून कापड मऊ लागतं. त्याच कापडानं काच पुसली, की स्पिरिटबरोबर तो काचेवर उतरतो. डोकं काचेला घट्ट धरतं आणि शेपट्या वर. काचेला जणू लव फुटते, डोळ्यांना न दिसणारी. सिलिकॉन त्या लवेवर बसतं. काचेपर्यंत पोचतच नाही. आणि ही ओढ असते ती अगदी जवळून, रेणूला रेणू टेकेल एवढ्या अंतरावरून. सिलिकॉनची काचेशी पक्की गाठसुद्धा जवळ गेल्यावरच पडते."

भागूनं विचारलं, "मग आतापर्यंत पडल्या का नाहीत?"

"शेपट्यांनाही थोडी ओढ असतेच. इलेक्ट्रॉन क्षणभर इकडे सरकतात, क्षणभर तिकडे, तेवढ्यापुरती. कमकुवत, पण सगळीकडून मिळून काच धरून ठेवण्याइतकी."

"आणि पाऊस आला की?"

बाईंनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "पाण्याला काच जास्त आवडते. ते कडेनं आत शिरेल आणि सिलिकॉनला बाजूला सारेल."

सगळ्यांची नजर दाराबाहेर गेली. आभाळ कोरडं होतं, पण त्या क्षणी कुणाचाच त्याच्यावर भरवसा राहिला नव्हता.

सगळ्याच काचा वाईट असतील असं नाही, असं बाईंचं म्हणणं. फडक्यावर किती उतरलं, स्पिरिट किती घेतलं, यावर ते अवलंबून. एकेक काच तपासायला हवी होती. त्यासाठी इमारतीच्या गच्चीवरून दोरांवर पाळणा सोडायचा. एकानं काचेवर रबरी वाट्या चिकटवून ती धरून ठेवायची, दुसऱ्यानं कडेचा पट्टा थोडा कापून ओढून बघायचा. पट्टा मधेच फाटला तर काच चांगली. अख्खा सुटून आला तर वाईट. काचा बसवणाऱ्यांपैकी एक जण वाट्या धरायला तयार झाला. पट्टा कुणी ओढायचा, यावर मालक स्वतः पुढे झाले, तर भागू म्हणाली, "मी जाते."

"तुला माळ्यावर चढवत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणते. तुम्ही एखादीला बरी आहे म्हणून सोडाल. मी नाही सोडणार."

कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून ती पाळण्यात चढली. पाळणा जमिनीवरून सुटला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. मी खाली दोराशी उभा होतो. पहिल्या मजल्यावर त्या माणसानं तिला काहीतरी सांगितलं आणि तिनं डोळे उघडले, पण फक्त समोर, काचेवर. पाती घातली, ओढलं. पट्टा फाटला. तिनं काचेवर खडूनं बरोबरची खूण केली. शेजारची, तीही बरी. त्यापुढचीही. माझा श्वास जरा मोकळा झाला. दुसऱ्या मजल्यावर एका काचेचा पट्टा अख्खाच सुटू लागला. तिनं थांबून पुन्हा ओढून बघितलं, आणि फुली मारली. मग फुल्याच फुल्या.

तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याच्या काचेशी, पाती घालताच काच हलली. आतून टक् असा बारीक आवाज आला, तो मला खालपर्यंत ऐकू आला असं आजही वाटतं. वाट्या धरणारा ओरडला, "धर खालून." भागूनं पाती सोडून दिली आणि दोन्ही हात काचेच्या खालच्या कडेला लावले. पाळणा डुलला. ती काच आता चौकटीवर नव्हती, त्या दोघांच्या हातात होती, आणि खाली रिकामी फरशी. गच्चीवरच्या माणसांनी खाली दोर टाकून ती काच त्यात अडकवेपर्यंत भागू तशीच उभी होती, गाल काचेला टेकवून. नंतर मी विचारलं, तेव्हा काय वाटत होतं. "काही नाही," म्हणाली. "नुसतं वाटत होतं, काल इथं ते आजोबा होते."

खाली उतरल्यावर तिला उलटी झाली. मग तोंड धुऊन ती पुन्हा पाळण्यात बसली, कारण अजून अर्धी भिंत बाकी होती.

फुली मारलेल्या सगळ्या काचा उतरवल्या. दवाखान्याची ती बाजू कितीतरी दिवस प्लायवूडनं झाकलेली होती. ज्या बऱ्या निघाल्या त्यांनाही चारही बाजूंनी पोलादी चिमटे बसवले. मालकांच्या हातचं पुढचं काम गेलं. त्यांनी त्याबद्दल भागूला एका शब्दानं टोचलं नाही. उलट त्यांनी फडकीच बंद करून कागदी रोल आणले आणि पुसल्यावरही पाणी फवारायचा नियम केला.

सासऱ्यांना शेवटी तिनं सांगितलंच. दुसऱ्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः कारखान्यात आले. मालकांसमोर उभे राहून म्हणाले, "बाटली माझी. सुनेला यातलं काही माहीत नव्हतं." मालकांनी त्यांना खुर्ची दिली. "काका, फडकी घरी द्यायला मीच सांगितलं होतं. आणि कशात धुता हे मी कधी विचारलं नाही." उठताना सासऱ्यांनी भागूचे हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले, आणि निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते कपडे धुवायच्या मशीनमधे टाकायच्या आधी तिला हाक मारायचे, साबण किती घालू म्हणून.

यंदा वादळी वारा सुटला तेव्हा आम्ही लवकर सुटलो. भागू घरी गेली नाही. ती दवाखान्यासमोर पलीकडच्या फुटपाथवर दुकानाच्या शेडखाली जाऊन उभी राहिली. पाऊस आडवा येत होता, काचांवरून पाण्याचे लोट उतरत होते. ती एकेक काच मोजल्यासारखी बघत राहिली, मान वर करून, जिला वर बघितलं की गरगरायचं. वारा पडला. एकही काच हलली नव्हती. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि पहिल्याच काचेवर तिनं पाणी दोनदा फवारलं, मग मला बोलावून म्हणाली, "दादा, तुम्ही पण एकदा बघा."